रजा संपतेय, पण पाजणं संपवायचं नाहीये

रजेचे शेवटचे पंधरा-वीस दिवस उरले की घरात एक वाक्य फिरायला लागतं : "आता वरच्या दुधाची सवय लाव, नाहीतर बाळाचे हाल होतील." माझ्याकडे ते आधी सासूबाई म्हणाल्या, मग शेजारच्या काकू, मग चक्क नवरा. हेतू कोणाचाच वाईट नव्हता. पण अंगावर पाजणं एक तर पूर्ण असतं नाहीतर बंद, मधलं काही नसतंच, असा सगळ्यांचा समज होता.

मधलं असतं. मी कल्याणहून फोर्टला नोकरीला जायचे, म्हणजे रोज अकरा तास घराबाहेर. तरी मुलगी वीस महिन्यांची होईपर्यंत पाजलं. सुरुवातीचे सहा-सात महिने ऑफिसात दूध काढायचे. नंतर ते सोडलं, पण सकाळ, संध्याकाळ आणि रात्र चालू राहिली. त्यात काय करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. बाळ कमी दिवसांचं जन्मलं असेल, वजन वाढत नसेल किंवा तुमची रोजची औषधं चालू असतील, तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आधी गणित मांडा

दूध टाकीतल्या पाण्यासारखं साठून राहत नाही, ते मागणीप्रमाणे तयार होतं. स्तन जितके रिकामे होतात तितकं नवं दूध येतं. ते बराच वेळ भरलेले राहिले, तर शरीर समजतं की गरज कमी झाली, आणि हात आखडतं. याचा त्रास असा की ऑफिसात काहीच काढलं नाही तर दिवसाचं दूध हळूहळू कमी होतं. फायदा असा की बाळ सकाळी आणि रात्री पीत राहिलं, तर त्या वेळचं दूध बहुतेकींचं टिकतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं दूध टिकवायला फार कामाचं.

आता तुमचं बाळ किती महिन्यांचं असेल ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजण्याचा आहे. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते घेतले असतील तर बाळ चार-साडेचार महिन्यांचं असतानाच कामावर जावं लागतं. हा फरक मोठा आहे. सहा महिन्यांच्या आत दूध हेच सगळं अन्न, त्यामुळे दिवसाचं दूध काढणं जवळजवळ अटळ. उष्टावण झालेलं, मऊ भात-वरण खाणारं बाळ असेल तर बरीच मोकळीक मिळते.

किती दूध ठेवायचं? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिली पितं. म्हणजे तुम्ही जितके तास बाहेर, त्याला साधारण ३० मिलीने गुणा. अकरा तासांचे झाले ३३०. मी ८० मिलीचे चार डबे ठेवायचे, कधी तीनच संपायचे. पावडरच्या दुधाच्या डब्यावरच्या तक्त्यात वयाप्रमाणे माप वाढत जातं ते बघून घाबरू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची गरज या महिन्यांत फारशी वाढत नाही.

एक महिना आधी : हाताने काढायला शिका

पंप असला तरी हे शिकाच. पंपाची बॅटरी नेमकी महिनाअखेरीलाच संपते. आणि पंप न परवडणाऱ्या, दिवसभर चार घरची कामं करणाऱ्या बाईलाही हे बिनखर्चाचं जमतं.

हात साबणाने धुवा. उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी घ्या. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्राच्या टोकापासून साधारण चार सेंटीमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. हीच लय चालू ठेवा. बोटं कातडीवरून घासायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही, त्याने दूध येत नाही, फक्त दुखतं. पहिली दोन-तीन मिनिटं थेंबच पडतात, आणि इथेच बहुतेक जणी "मला नाही येत" म्हणून सोडून देतात. पान्हा फुटला की धारा लागतात. तीन-चार मिनिटांनी दुसरी बाजू, मग परत पहिली, बोटांची जागा फिरवत. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं.

सरावाची उत्तम वेळ सकाळची. बाळ एका बाजूला पीत असताना दुसरीकडून काढलं तर पान्हा आपोआप सुटलेला असतो. पहिल्या दिवशी मला दोन चमचे मिळाले आणि मी रडले. काढलेलं दूध किती यावरून अंगात दूध किती हे ठरत नाही. कोणताही पंप बाळाइतका तरबेज नसतो.

पंपाबद्दल थोडक्यात. दिवसातून एकदाच काढायचं असेल तर हाताने दाबायचा पंप पुरतो. दोन-तीनदा काढायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा विजेचा पंप वेळ वाचवतो. फनेलचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचं, माप नीट बघा. सोबत येणारं फनेल बऱ्याच जणींना मोठं पडतं, मग दुखतं आणि दूधही कमी येतं. ओढ जोरात ठेवली की दूध जास्त येतं हाही गैरसमजच.

साठवण : उन्हाळा आणि वीज दोन्ही धरून

एसीच्या खोलीत, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ताजं काढलेलं दूध चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात २५ अंश नसतात, तिथे लगेच फ्रीजमध्ये टाका. फ्रीजच्या मागच्या भागात चार दिवसांपर्यंत चालतं, पण दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या घरच्या फ्रीजवर मी इतका भरवसा ठेवला नाही. आज काढलेलं उद्या वापरायचं, एवढाच नियम पाळला. दाराच्या कप्प्यात कधीच नाही. डीप फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं. भारनियमन असलेल्या गावात मात्र फ्रीजर भरून ठेवण्यात अर्थ नाही. दोन-तीन दिवसांचा साठा पुरे. इंटरनेटवर दिसणाऱ्या दुधाने खचाखच भरलेल्या फ्रीजरच्या फोटोंकडे अजिबात बघू नका.

झाकण घट्ट बसणारे स्टीलचे छोटे डबे किंवा काचेच्या बाटल्या चालतात. प्रत्येक डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. नवं कोमट दूध जुन्या गार दुधात थेट ओतू नका, आधी ते गार होऊ द्या. बर्फ झालेलं दूध रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवलं की सकाळपर्यंत वितळतं, ते २४ तासांत संपवायचं आणि परत गोठवायचं नाही.

दुधाला साय धरल्यासारखा वर थर येतो. दूध नासलेलं नसतं, हलकेच गोल फिरवलं की एक होतं. काहींच्या दुधाला साठवल्यावर साबणासारखा वास येतो. तो दुधातल्याच लायपेज या चरबी फोडणाऱ्या घटकाचा, अपायकारक नाही, पण बाळ तोंड फिरवत असेल तर काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करून, पटकन गार करून साठवा.

दोन आठवडे आधी : बाळाला दुसऱ्याच्या हातून

बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोचीचं छोटं भांडं, वापरा. आपल्या आज्यांच्या कपाटात पितळी नाहीतर चांदीचं बोंडलं असायचं, आता ते स्टीलचं मिळतं. बाटलीला सरावलेली काही बाळं नंतर अंगावर नीट ओढत नाहीत, आणि बाटलीच्या कानाकोपऱ्यांतली घाण काढणं पाळणाघराच्या मावशींना रोज जमेलच असं नाही. बोंडलं एका उकळीत साफ होतं.

बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि दूध ओठापर्यंत आणून थांबायचं. पिण्याचं काम बाळाला करू द्यायचं, घशात ओतायचं नाही. सुरुवातीला निम्मं दूध लाळेऱ्यावर सांडतं. पाजणारी व्यक्ती आई नसावी. आईच्या अंगाचा वास येत असताना वाटीतलं कोण पिणार! मी त्या वेळी खाली जाऊन भाजी आणायचे. बाळ उपाशीपोटी कासावीस होण्याआधी, थोडं खुशीत असताना प्रयत्न करा. चार दिवस थुंकलं तरी पाचव्या दिवशी घेतं.

सांभाळणाऱ्यांना, मग त्या आजी असोत वा पाळणाघराच्या मावशी, या गोष्टी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

- दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायचा.
- एका वेळी थोडंच काढायचं. उष्टं उरलेलं दोन तासांत वापरायचं, नाहीतर टाकायचं.
- सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. वर्षापर्यंत मध चाटवायचा नाही.
- मी यायच्या दीड तास आधी पोटभर द्यायचं नाही. फारच भूक लागली तर चार चमचे.

शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. भरल्या छातीने धावत घरी पोचावं आणि बाळ आत्ताच पिऊन झोपलेलं असावं, हे एकदा झालं की कळतं.

गुटीवरून आमच्याकडे आठवडाभर अबोला होता. शेवटी मी सासूबाईंना लसीकरणाला सोबत नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं. मी सांगितलेलं पटलं नाही, त्यांनी सांगितलेलं पटलं. चालेल!

ऑफिसशी बोलणं : रुजू व्हायच्या आधी, आणि लेखी

१९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिलेली होती. २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि तिथे दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ देण्याचीही. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, आणि तिच्यातही या गोष्टी घेतलेल्या आहेत. बऱ्याच वरिष्ठांना हे माहीतच नसतं, म्हणून मेलमध्ये कायद्याचं नाव लिहा, पण सूर भांडणाचा नको. "सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेचारला मला वीस मिनिटं लागतील, कडी असलेली एक खोली हवी" असं नेमकं मागितलं की लवकर मिळतं.

मला जुन्या फायलींची खोली मिळाली. पंखा नव्हता. स्वच्छतागृहात मात्र दूध काढू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. आपण तिथे जेवत नाही, मग बाळाचं जेवण तिथे का?

फिरतीचं काम असेल तर एसटीच्या अनेक बसस्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. काही बंद असतात, किल्ली नियंत्रकाकडे मागावी लागते. नाव कोणाचं दिलंय ते आपल्याला ठाऊकच आहे. दूध विकायला रायगडावर गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे वर अडकली आणि तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, असं कथा सांगते. तिच्या उतरण्याचं कौतुक शाळेपासून ऐकतेय. फायलींच्या त्या खोलीत बसून पहिल्यांदाच मनात आलं की दरवाजा घटकाभर उघडला असता तर!

माझा दिवस

पहाटे साडेपाचला उठल्यावर बाळ झोपेतच एकदा प्यायचं. पावणेसातला, घर सोडायच्या अगदी आधी, दुसऱ्यांदा. मग लोकल. साडेदहा, दीड आणि साडेचार अशा तीन वेळा दूध काढायचं. संध्याकाळी सहाला दार उघडलं की पर्स खाली ठेवायच्या आधी पाजणं. चहा नंतर. झोपताना एकदा, रात्री एक-दोनदा.

पहिला दिवस बुधवार किंवा गुरुवार निवडा. दोन-तीन दिवसांत शनिवार-रविवार येतो आणि कुठे चुकतंय ते सुधारता येतं. सोमवारी सुरू केलंत तर पहिला आठवडा संपता संपत नाही.

सोबतच्या पिशवीत गोठवलेले दोन आइस पॅक, डबे, पंप, स्वच्छ रुमाल, सुती पॅड आणि एक जादा कुर्ता. चांगली जाड पिशवी आणि पूर्ण गोठलेले पॅक असले की दूध २४ तास राहतं, त्यामुळे ऑफिसात फ्रीज नसला तरी चालतं. आमच्याकडे होता. डब्यावर मी "औषध" असं लिहून ठेवायचे, कारण त्याच फ्रीजमधून दही न विचारता संपायचं. कुर्ते गडद आणि बारीक छापाचे घाला, पुढून उघडणारे. मीटिंगमध्ये अचानक पान्हा सुटला तर हाताची घडी घालून छाती घट्ट दाबा, मिनिटभरात थांबतं.

पंपाचे भाग प्रत्येक वेळी साबण आणि गरम पाण्याने, वेगळ्या भांड्यात धुवायचे, बेसिनमध्ये टाकून नाही. घरी दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचे. ऑफिसात धुण्याची धड सोय नसेल तर दोन संच घ्या.

दूध येतच नसेल तर घड्याळ आणि डब्यावरच्या रेषा बघणं बंद करा. पान्हा ऑक्सिटोसिन या हार्मोनवर चालतो आणि तणावात तो अडतो. मी मुलीचं न धुतलेलं झबलं पिशवीत ठेवायचे, त्याच्या वासाने दोन मिनिटांत काम व्हायचं. हसणाऱ्या व्हिडिओपेक्षा रडण्याचा आवाज जास्त चालतो, कानात लावा आणि ऐका.

सुट्टीच्या दिवशी पंप कपाटात. बाळ मागेल तेव्हा पाजा, आठवड्यात कमी झालेलं दूध दोन दिवसांत बऱ्यापैकी भरून येतं.

ऑफिसात काढणं शक्यच नसेल तर

शिक्षिका, परिचारिका, दुकानात उभ्या असणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या कितीतरी जणींना वीस मिनिटं मिळत नाहीत. त्यांनी पाजणं बंद करायची गरज नाही. फक्त दिवसाचं पाजणं एकदम तोडू नका. रुजू व्हायच्या तीन आठवडे आधीपासून दर पाच-सहा दिवसांनी दिवसातली एक वेळ कमी करा. छाती दाटली तर आराम पडेल इतकंच काढा, पूर्ण रिकामं केलंत तर शरीर परत तेवढंच बनवेल. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसासाठी डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध, डब्यावरच्या मापानेच. पातळ करून पुरवू नका. गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. घराजवळ काम असेल तर जेवणाच्या सुट्टीत घरी जाणं किंवा बाळाला आणवणं, हे कोणत्याही पंपाहून चांगलं.

आणि हो, "उन्हातून आलीस, दूध तापलंय, पहिलं काढून टाक" किंवा "दिवसभर साचलेलं दूध नासतं" हे ऐकावं लागेल. अंगातलं दूध नासत नाही. हातपाय धुवा आणि पाजा.

अडचणी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध कमी झाल्यासारखं वाटतं. बहुतेकदा काढण्याची एक वेळ कामाच्या रगाड्यात गळालेली असते. ती परत आणा, रात्री एकदा जास्त पाजा. अळीवाचे लाडू, मेथी, शतावरी जरूर खा. अळिवात लोह भरपूर असतं आणि पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण छाती रिकामी होत नसेल तर नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही.

काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्री उट्टं काढतात. वजन वाढत असेल, दिवसाला सहा-सात वेळा शू होत असेल तर काळजी नाही. झोपमोड मात्र तुमची. आडवं पडून पाजायला शिका आणि रात्रीचं लंगोट बदलणं नवऱ्याकडे द्या.

छातीत गाठ, लाली, ताप आणि अंगदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाजणं थांबवू नका. जोरजोरात चोळूही नका, त्याने सूज वाढते. पाजून झाल्यावर गार कपडा ठेवा.

आता एक गोष्ट जी माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. "अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत" हा भरवसा फक्त तेव्हाच, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असतं, पाळी परत आलेली नसते आणि बाळ दिवसा चार व रात्री सहा तासांहून मोठा खंड न पडता फक्त अंगावरच पीत असतं. कामावर जायला लागलात की ही अट मोडते. रुजू व्हायच्या आधीच कॉपर-टी किंवा निरोधचं ठरवा. गोळ्या घ्यायच्या असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, म्हणून पाजत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

सोडायचं कधी

वर्ष झालं आणि बाळ घरचं जेवू लागलं की ऑफिसातलं काढणं सोडता येतं. मी आधी दीडची वेळ सोडली, आठवड्याने साडेदहाची, मग साडेचारची. एका आठवड्यात सगळं उरकायला गेले असते तर गाठी झाल्या असत्या. दिवसा मुलगी वरण-भात, केळं, दही खायची, आणि संध्याकाळी दाराशीच ओढणी ओढायची. ते पुढे आठ महिने चाललं.

नंतर मावसबहिणीने पंप मागितला. माझा पंप असा होता की त्यात दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं आणि तिथलं धुता येत नाही, असे पंप दुसऱ्या बाईने वापरू नयेत. तो दिला नाही. आइस पॅकची पिशवी, स्टीलचे सहा डबे आणि बोंडलं दिलं, आणि पहिल्याच रविवारी तिच्याकडे जाऊन हाताने कसं काढायचं ते दाखवलं.